एक जूनची पोर

वहिनी, काल पायलला परत संस्थेत पोचवून आलो.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तेराव्याला आलेले पाहुणे गेले, मंडपवाल्याची भांडी गेली आणि घरात आम्ही दोघे म्हातारे भाऊ उरलो. दादा दारातल्या बाकावर बसून असतो, मी आत खुर्चीत. तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला धड ऐकू येत नाही आणि मला बोलायला काही सुचत नाही, त्यामुळे आमचं भांडण होत नाही. स्वयंपाक मी करतो. परवा पिठलं केलं होतं. तुम्ही असता तर ते गायीला घातलं असतं आणि गायीचीही माफी मागितली असती.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका तुम्ही माझ्यासमोर धरायच्यात, "आबा, वाची दखाडा." म्हणून हे लिहून झालं की मी मोठ्यानं वाचणार आहे. दादाला ऐकू जाणार नाही, पायल घरात नाही, म्हणजे ऐकणारं कुणीच नाही. तसं असेल तरच माझ्याच्यानं वाचून होईल.

मला तुमच्याशी एका तारखेबद्दल बोलायचं आहे. ती मी लिहिली हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी आपण रोज एका पंगतीला जेवलो आणि त्या विषयाला हात लावला नाही. आता तुम्ही नाहीत, तेव्हा मला कंठ फुटला आहे. मास्तर लोकांचं हे असंच असतं, तास संपल्यावर त्यांना मुद्दा आठवतो.

पायल यायच्या आधी तुम्ही माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता, आठवतं? संस्थेच्या बहेन आपल्या डिंडोलीच्या अंगणवाडीत येऊन बायकांना सांगून गेल्या होत्या की, ज्यांना मूल नाही आणि दत्तकाचं वय उलटलं आहे, त्यांनाही मूल सांभाळायला मिळू शकतं. दत्तक नव्हे, सांभाळायला. मूल सरकारचं, घर तुमचं, दर वर्षी कागद नवा. त्यातलं 'घर तुमचं' एवढंच तुमच्या कानात राहिलं. तुम्ही धावत आलात, मजुरीनं आणलेल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायचा डिंक अजून बोटांना होता, आणि मी म्हणालो, "वहिनी, भाड्यानं पोर आणता का काय?"  दोन दिवस पाठ फिरवून भाकरी वाढलीत. माझी बायको गेल्यापासून मी तुमच्या हातचं खातोय, पण ते दोन दिवस मी दुसरी भाकरी मागितली नाही.

मग ती आली. एक फ्रॉक अंगात, एक पिशवीत, आणि एक फाइल. कुठं सापडली ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. फाइलमध्ये डॉक्टरांचा दाखला होता, त्यात वय दिलं होतं : अंदाजे अडीच ते साडेतीन वर्षं. तुम्ही त्याच दिवशी तिच्या पायात पैंजण घातले. म्हणालात, मी साडीवर मान घालून बसते, पोर कुठं आहे ते कळायला नको का?

आधार कार्डाचा अर्ज अर्थात माझ्याकडे आला. आपल्या वस्तीत अर्ज दुसऱ्या कुणाकडे जातच नव्हता. इथं गुजराती मुलखात महापालिकेच्या मराठी शाळेत मी सारी नोकरी काढली, आणि खानदेशातून पोरंबाळं घेऊन आलेल्या किती माणसांना मी पहिलीच्या दाराशी थांबवून विचारलं असेल, 'जन्मतारीख?' ते एकमेकांकडे बघायचे. कुणी म्हणायचं, तो कापूस वेचायच्या वेळेस झाला. मी लिहायचो, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, एक जून लिहिलं की पोर बरोबर बसतं. माझी स्वतःची तारीख एक जून. दादाची एक जून. आम्ही दोघे सख्खे भाऊ तीन वर्षांच्या अंतरानं एकाच तारखेला जन्मलो, आमच्या गुरुजींची कृपा. मलाही तीच सवय लागली होती आणि तिचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर मी लिहिलं एक जून, आणि साल धरलं साडेतीनचं. अडीचचं नाही, मधलं तीनचंही नाही. तुम्ही बोटं मोजून विचारलंत, "मोठी काबर लिखी आबा? ल्हानी शे ना ती." मी म्हणालो, वर्षभर आधी शाळेत बसेल, वर्षभर आधी शहाणी होईल, मास्तर घरात असताना पोर मागं राहायला नको. तुम्ही हसलात. तेव्हा आपण दोघंही फार खुशीत होतो.

त्याच श्रावणात कानबाईच्या रविवारी आपलं दुसरं भांडण झालं. रोटाचे गहू मोजायची वेळ होती. आपल्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. नवागामहून चुलतभाऊ आणि भावजय आले होते. तुम्ही दादाच्या नावाची मूठ घेतलीत, माझ्या नावाची घेतलीत, आणि तिसरी सुपात टाकून म्हणालात, "ही पायलनी." भावजयीचा हात तिथंच थांबला. एक तर मुलगी, त्यात दुसऱ्याची. मग मी वर्गात बोलावं तसा बोललो. वहिनी, रीत आहे, ती आपल्या कुळातली नाही, उद्या सरकारनं परत मागितली तर?

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "आबा, तुम्ही कागदवर लिखतस ते खरं व्हस. मंग मी सुपमा टाकं ते खोटं कसं?"

चुलतभाऊ त्यानंतर रोटाला आला नाही. मला मात्र तुमचं वाक्य आजही उलगडलेलं नाही. पायलनं त्या दिवशी रोट गुळाबरोबर खाल्ला आणि उरलेला तुकडा दादाच्या तोंडात कोंबला.

तिला ऐकू येत नाही हे दादानं ओळखलं, मी नाही. मी तर 'बोलायला उशीर होतो काही मुलांना' यावर तुम्हाला पाठ ऐकवले होते. तुम्ही तिला घेऊन दादाचा डबा द्यायला खात्यावर, त्याच्या कारखान्यात गेलात. लूमच्या खात्यात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस, मग तो कितीही मोठा असो, दोन्ही हात कानांवर नेतो. पायल आपल्या घरात शिरावी तशी आत गेली. शंभर लूम धडधडत होत्या आणि ती फिरणाऱ्या चाकांकडे बघून हसत होती. दादानं लांबून ते पाहिलं आणि लूम बंद न करताच तो खाली बसला.

तिथं आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून कारागीर खुणांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांवरून ओढून वेगळी करायची : धागा तुटला, ये. समोरच्यानं हात वर करायचा : येतो. दोन्ही तळवे खाली दाबायचे : मशीन बंद. दादानं संध्याकाळी घरी येऊन तिच्यासमोर बसून त्या खुणा केल्या आणि ती तासाभरात शिकली. दादाला उतारवयात पहिल्यांदाच कुणीतरी बोलायला मिळालं होतं. तुम्हीही शिकलात. ती दाराशी उभी राहून दोन बोटं ओढायची, तुम्ही साडीवरून हात वर करायच्यात, येते. मी शिकलो नाही. मला वाटायचं ती बोलणारच आहे, मग या खुणा कशाला? पाहून पाहून तीन खुणा कळायला लागल्या, तेवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हाला मीच मराठीत समजावून दिलं. दोन्ही कान जन्मापासून बंद. कानात मशीन बसवायचं ऑपरेशन होतं, सरकारी कार्डावर सगळं होतं, मशीनसुद्धा. मात्र मूल लहान असतानाच. वयाची अट आहे, ती उलटली की नाही. तुम्ही डॉक्टरांना एकच विचारलंत, ऑपरेशननंतर तिला माझा आवाज कळेल का? ते म्हणाले, हळूहळू कळेल. त्या रात्रीपासून तुम्ही तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागलात, सराव असावा म्हणून.

आणि मग कार्ड. वहिनी, माझ्या आयुष्यात एवढा हलकट अर्ज मी भरला नाही. आरोग्य कार्ड कुटुंबाचं निघतं, कुटुंब रेशन कार्डावर दिसतं, आणि रेशन कार्डावर नाव चढवायला एक तर जन्माचा दाखला हवा नाहीतर दत्तकपत्र. आपल्याकडे दोन्ही नव्हतं, आपल्याकडे होता बालकल्याण समितीचा सांभाळण्याचा हुकूम. खिडकीतल्या माणसानं नातं विचारलं, "आ छोकरी तमारी शुं थाय?" तुम्ही सरळ मुलगी सांगितलीत, "मन्ही आंडेर शे." मी मध्ये पडून हुकूम दाखवला. तो म्हणाला, "तो ए कुटुंबमां न गणाय, काका." तो उद्धट नव्हता. त्याच्या संगणकात तसा खानाच नव्हता, त्यानं पडदा वळवून मला दाखवला. मुलगा, मुलगी, दत्तक, सून. पायल त्यात कुठंच बसत नव्हती.

संस्थेत असती तर ती संस्थेच्या यादीत असती, संस्थेच्या मुलांचं ऑपरेशन त्या यादीवर होतं. घरी आली म्हणून यादीतून तिचं नाव निघालं. घर मिळालं आणि नाव गेलं. हे आपल्याला कळलं त्या दिवशी तुम्ही परतीच्या बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात आणि पायल तुमच्या मांडीवर झोपली होती. मग तुम्ही म्हणालात, "आबा, तिले तठे ठी देऊत का? ऑपरेशन व्हई तवलोंग? मंग परत लई येसूत."

मी तुमच्यावर ओरडलो. बसमधली माणसं वळून बघायला लागली. एकदा परत दिलेलं मूल परत मिळतं याची कुणी हमी दिली आहे का? आणि कार्ड मी करून देतो म्हणतोय ना! साऱ्या वस्तीचे अर्ज भरले, माझ्या घरचा एक भरता येणार नाही? तुम्ही पायलवर पदर घातलात. तुमचं बरोबर होतं. तेव्हा ती वयात बसत होती, एक जूनच्या हिशेबानंसुद्धा बसत होती. तिला तिथं ठेवलं असतं तर आज तिच्या कानात मशीन असती, मग ती आपल्याकडे परत आली असती किंवा नसती. तुम्ही तिला गमवायला तयार होतात, वहिनी. मला माझा अर्ज गमवायचा नव्हता.

कार्ड यायला पुढं इतका काळ गेला की मी खिडक्यांची नावं विसरलो. शेवटी नव्या आलेल्या एका बाईंनी एका पत्रावर सही केली आणि पायलचा फोटो असलेलं कार्ड हातात पडलं. तुम्ही त्याला हळदकुंकू लावलंत. दवाखान्यात ते स्कॅन होईना, मी रुमालानं पुसलं, तेव्हा तुम्ही पायलला चिमटा काढून हसलात. ते तुमचं शेवटचं मोकळं हसू मी पाहिलेलं, निदान मला त्यानंतरचं आठवत नाही.

काउंटरवरच्या बहेननं पडद्यावर पाहिलं. "उंमर नीकळी गई छे, बा. त्रण महिना उपर."

तीन महिने. अडीचचं साल धरलं असतं तर अजून नऊ महिने हातात होते. बहेन चांगली होती, तिनं आपली फाइल उलटून पाहिली आणि डॉक्टरांचा तो दाखला तिच्या नजरेला पडला. तिनं विचारलं, "अहीं तो अढीथी साडा त्रण लख्युं छे. आ एक जून कोणे लखाव्युं?"

मी तुमच्या शेजारी उभा होतो. खिशाला पेन होतं. त्याच पेनानं लिहिलेलं होतं.

तुम्ही पुढं झालात आणि तुमच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणालात, "मैंने लिखवाया. मेरेको जैसा याद था वैसा बोली."

"तमने केवी रीते याद होय?" ती म्हणाली. "तमे क्यां जन्म आप्यो छे?"

तुम्हाला गुजराती सगळं कळत होतं. तुम्ही मान खाली घातलीत. तुम्ही तिला जन्म दिला नव्हता, हे भर रांगेत, सगळ्यांसमोर तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, आणि ते ऐकून घ्यायला हवं होतं मी. मी एक वाक्य बोलायचं होतं, 'बहेन, मी लिहिलं, मी शिक्षक आहे, माझी चूक.' एवढंच. मी खिशातलं पेन आत ढकललं. आयुष्यभर वस्तीनं 'गुरुजी, गुरुजी' म्हटलं, त्या गुरुजीला त्या रांगेत लाज आली आणि त्यानं ती तुमच्या पदरात टाकली.

बाहेर आल्यावर तुम्ही पायलला बिस्किटाचा पुडा घेतलात आणि आमच्यासाठी चहा. मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता म्हणाल. तुम्ही म्हणालात, "आबा, पी ल्या, थंडा व्हई जाई." आणि त्यानंतर कधीच काही नाही. तुम्ही रागावला असतात, दोन दिवस पाठ फिरवून भाकरी वाढली असतीत, तर मी हातापाया पडून मोकळा झालो असतो. तुम्ही तर त्या आठवड्यात माझ्या आवडीची भरली वांगी केलीत. 

तारीख बदलायला आपण धडपडलो नाही असं नाही. हाडांचे फोटो काढले, वयाचा नवा दाखला मागितला, समितीपुढं बसायचं होतं तर समितीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, नवी माणसं नेमली जाईपर्यंत थांबा म्हणाले. थांबलो. शेवटी सुनावणी झाली तेव्हा तिथल्या साहेबांनी सभ्यपणे समजावलं की आता लहानातलं लहान वय धरलं तरी अट उलटून गेली आहे, तेव्हा तारीख बदलून उपयोग काय? खरंच काही उपयोग नव्हता. आपण रिक्षा केली. तुम्ही पायलशी मोठ्यानं बोलायचं त्या दिवशी बंद केलंत.

तुमच्या आजारपणाचं काय लिहू? ताप होता. तीन दिवस तुम्ही डोक्याला फडकं बांधून टिकल्या चिकटवत राहिलात, साड्या शनिवारी द्यायच्या म्हणून. चौथ्या दिवशी उठता येईना तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथं तुमचं कार्ड यंत्रावर ठेवलं आणि एका मिनिटात हिरवी खूण आली. "चालू छे, काका, बधुं मफत, चिंता ना करो." त्या हिरव्या खुणेचा मला संताप आला. दोन वर्षं आपण त्या एका खुणेसाठी झिजलो, ती कुणीही न मागता तुमच्या नावासमोर आली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांना दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. आदल्या दिवशी दुपारी मी पलंगाशी बसलो होतो, तुम्ही शुद्धीत होतात, जवळ तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी विचारलं, पाणी देऊ का?

पायलला दादानं सांगितलं. तुम्हाला खाली ठेवलं होतं, बायका रडत होत्या, ती एकेकीच्या तोंडाकडे बघत फिरत होती. दादा तिच्यापुढं बसला आणि दोन्ही तळवे खाली दाबले : मशीन बंद. दुसरी खूण त्याच्याकडे नव्हती. तिनं तुमच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तुम्ही टिकल्यांसाठी साडी ताणून लावायच्यात त्या चौकटीजवळ जाऊन बसली. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, तिनं पाहिलेली प्रत्येक बंद लूम थोड्या वेळानं चालू झाली आहे. वीज येते, धागा जोडतात, चालू होते. ती वाट बघत होती. परवापर्यंत रोज तिथंच बसत होती.

अकराव्या दिवशी दोन बहेन आल्या. पुरुषांच्या घरात मुलगी ठेवता येत नाही, म्हणाल्या. एक काय, दोन काय. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. नियम बरोबर आहे, माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीबद्दल असता तर मीच त्याच्या बाजूनं बोललो असतो. त्या गेल्यावर मी दादाच्या कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मंग चूक कोनी?"

"मन्ही," मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हणालो नाही. बघा वहिनी, एवढ्या वर्षांत एकदा कबूल केलं, तेही ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापाशी.

काल दादा आला नाही. मी एकटा तिला घेऊन गेलो. दोन फ्रॉकवर आली होती, अकरा घेऊन गेली. पैंजण तिथं चालत नाहीत म्हणून बहेननं काढून माझ्या हातात दिले, ते आता इथं टेबलावर आहेत. पुढं तिला मूकबधिर मुलांच्या शाळेत दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतील. भेटायला येऊ शकतो का विचारलं. नातेवाईकांना परवानगीनं येता येतं, त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे जरा अवघडून पाहिलं. मला समजलं. आम्ही कुठल्या खान्यात बसतो ते मला चांगलं माहीत आहे.

मग बहेन म्हणाल्या, काका, तुम्हाला लिहिता येतं तर एवढा फॉर्म भरून द्या ना. मी बसलो. नाव. लिंग. जन्मतारीख. तिथं पेन थांबलं. मी म्हणालो, बहेन, ही तारीख खरी नाही. निदान एवढं तरी मी बोललो, वहिनी. त्यांनी फाइल पाहिली आणि म्हणाल्या, "आधारमां जे छे ए ज लखो, काका, नहींतर पाछी एनी फाइल अटकशे." त्यांचं बरोबर होतं. मी एक जून लिहिलं. अक्षर छान आलं, माझं अक्षर नेहमीच छान येतं. त्यांनी ते यादीत चढवलं आणि मला धीर द्यावा म्हणून सांगितलं की आता उपचाराची काळजी नको, संस्थेच्या मुलांना कार्डसुद्धा लागत नाही.

मी फाटकाशी आलो तेव्हा पायल वऱ्हांड्यात उभी होती, एका मावशीचा हात धरून. रडत नव्हती. तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघून दोन बोटं एकमेकांवरून ओढली. धागा तुटला, ये. ही खूण ती तुम्हाला करायची. मला तिनं कधी केली नव्हती, मला येत नाही असं तिला वाटत असणार.

मी हात वर केला. येतो.

तिनं मान हलवली आणि आत गेली. मी लिहिलेलं तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत, तिनंही माझा हात खरा मानला. आज सकाळपासून ती तिथं कुठल्यातरी दाराशी माझी वाट बघत बसली असेल.